कर्जाचा कागद व कर्जदाराचे हक्क

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ले केले. या दंग्याचे लोण पुढे नगर जिल्ह्यातही पोहोचले. जमावाचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता आणि ते हाती पडताच जाळण्यात येत. रोख्यावर काय लिहिले आहे हे बहुतेक कुळांना वाचता येत नसे, न्यायालय मात्र रोख्यावरील आकडाच प्रमाण मानीत असे. या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली करण्यात आलेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचे काम न्यायालयावर सोपविले.

त्यास आता दीडशे वर्षे होऊन गेली. रोख्याची जागा कर्जपुस्तिकेने व भ्रमणध्वनीच्या पडद्याने घेतली, परंतु न वाचता अंगठा अथवा सही देण्याची रीत पुरती गेलेली नाही. २०२५ च्या प्रारंभी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यासह अनेक ठिकाणी, सूक्ष्म वित्तसंस्थांच्या वसुलीविषयी तीव्र तक्रारी पुढे आल्या. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत राज्य शासनाने सूक्ष्म व लहान कर्जांच्या वसुलीतील जुलमास प्रतिबंध करणारा अध्यादेश काढला व पुढे विधिमंडळाने त्यास कायद्याचे रूप दिले. नोंदणी न करता कर्जे देणे व वसुलीसाठी जबरदस्ती करणे यांसाठी या कायद्यात दहा वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पोलिसांना अशी तक्रार नोंदवून घेण्यास नकार देता येत नाही.

या कायद्याविषयी एक गैरसमज खेडोपाडी पसरलेला आढळतो. नोंदणी व परवाना नसलेल्या सावकाराने दुर्बल घटकांस दिलेले कर्ज फिटले असे हा कायदा मानतो, हे खरे. परंतु रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बँकेचे वा वित्तीय कंपनीचे कर्ज त्यामुळे माफ झालेले नाही. म्हणून कर्ज देणारा कोण, हा पहिला प्रश्न होय. वित्तीय कंपनीची नोंदणी आहे किंवा नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत पाहता येते.

दुसरा प्रश्न व्याजाचा. ‘शेकडा पाच’ हा शब्द कानाला सौम्य वाटतो, पण तो दर महिन्याचा असतो. वर्षाचा हिशोब साठ टक्के होतो. आठवड्याच्या वसुलीचे गणित याहून फसवे आहे. समजा, दहा हजारांच्या कर्जातून दीड हजार आधीच कापून साडेआठ हजार हाती दिले आणि दर आठवड्यास एक हजार याप्रमाणे दहा हप्ते घेतले. दीड हजार व्याज म्हणजे फार नव्हे, असे घेणाऱ्यास वाटते. परंतु मुद्दल पहिल्या आठवड्यापासूनच परत जात असते, सगळी रक्कम दहा आठवडे त्याच्याजवळ राहतच नाही. नीट हिशोब केला तर हा दर आठवड्यास सुमारे तीन टक्के, म्हणजे वर्षास दीडशे टक्क्यांहून अधिक पडतो. हे उदाहरण माध्यमिक शाळेच्या गणिताच्या तासास घालण्याजोगे आहे.

वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास विनातारण दिलेल्या कर्जास रिझर्व्ह बँक सूक्ष्म कर्ज मानते. त्याविषयी २०२२ साली तिने घालून दिलेले नियम प्रत्येक बचत गटाने जाणून घेणे अगत्याचे आहे. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड घेता येत नाही. हप्ता थकल्यास दंड केवळ थकलेल्या रकमेवर लावता येतो, संपूर्ण कर्जावर नव्हे. वसुली ठरलेल्या जागी व्हावी. कर्जदार तेथे लागोपाठ दोन वेळा आला नाही, तरच वसुली करणाऱ्यास त्याच्या घरी जाता येते, आणि तेही सकाळी नऊपूर्वी वा सायंकाळी सहानंतर नाही. एका सभासदाचा हप्ता चुकला म्हणून साऱ्या गटास रात्रीपर्यंत अडकवून ठेवणे यात कोठेच बसत नाही. धमकी देणे, शिवीगाळ करणे, नातलगांना त्रास देणे, थकबाकीदाराचे नाव चारचौघांत जाहीर करणे, हे सारे निषिद्ध आहे.

याच नियमांतील एक कलम सीमाभागात विशेष मोलाचे आहे. कर्जपुस्तिकेतील सर्व नोंदी कर्जदारास समजणाऱ्या भाषेत असल्या पाहिजेत. ज्या कर्जदार स्त्रीस केवळ मराठी वाचता येते, तिला मराठी पुस्तिका मागण्याचा हक्क आहे. ही मागणी क्वचितच केली जाते, कारण असा हक्क आहे हेच ठाऊक नसते. पुस्तिकेत व्याजदर, प्रत्येक भरण्याची पोच आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक असावयास हवा. भरलेल्या हप्त्याची नोंद त्याच क्षणी करून घ्यावी. ‘पुढच्या वेळी लिहू’ यावर विसंबू नये.

भ्रमणध्वनीवरील ॲपद्वारे मिळणाऱ्या कर्जाबाबतही नियम आहेत. रक्कम थेट कर्जदाराच्याच खात्यात यावयास हवी, आणि ॲपला फोनमधील नावांची यादी व छायाचित्रे पाहण्याची मुभा नाही. अशी मुभा मागणारे ॲप दूर ठेवावे. छायाचित्रांचा गैरवापर करून धमकी आल्यास १९३० या क्रमांकावर कळवावे.

तक्रार कोठे करावी, हे धनको कोण आहे यावर ठरते. बँक वा नोंदणीकृत वित्तीय कंपनी असल्यास प्रथम तिच्याकडेच लेखी तक्रार करून पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर विलंब न लावता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यास शुल्क नाही, वकीलही लागत नाही; माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. परवानाधारक सावकार व सहकारी पतसंस्था यांच्याविषयी सहकार खात्याच्या साहाय्यक निबंधकांकडे, तर विनापरवाना सावकाराविषयी पोलीस ठाण्यात वा जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

खटल्याची वेळ आलीच, तर तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जाण्यास संकोचू नये. १९८७ च्या कायद्यान्वये स्त्रियांना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य वकील मिळू शकतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. कर्जाची पुष्कळ प्रकरणे लोकअदालतीत तडजोडीने मिटतात आणि भरलेले न्यायालयीन शुल्कही परत मिळते. मात्र तेथील निवाड्यावर अपील नसते. म्हणून तडजोडीत किती रक्कम, किती हप्त्यांत व कोणत्या तारखेस भरावयाची, हे सही करण्यापूर्वी कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावे आणि निवाड्याची प्रत कर्जपुस्तिकेबरोबर ठेवावी.