ओळख कोणाची?

बँकेत खाते उघडायला आलेल्या माणसाला काउंटरवरचा कारकून एके काळी हमखास विचारी, ‘ओळख कोणाची?’ जुन्या खातेदाराची सही असल्याशिवाय नवे खाते उघडत नसे. आधार कार्डाच्या जमान्यातल्या तरुण वाचकांना याची गंमत वाटेल; पण नांदेड आणि लातूरच्या शाखांमध्ये माझ्या नोकरीची कितीतरी वर्षे या सह्या न्याहाळण्यात गेली. मोंढ्यातल्या जुन्या आडत्याची सही असली की अर्ज झटकन पुढे सरके. बँकेबाहेरच्या टपरीवर बसून कपभर चहाच्या बदल्यात दिसेल त्याच्या अर्जावर सही ठोकणारेही असत. त्यांची सही दिसली की मॅनेजर चष्मा कपाळावर चढवून अर्जदाराकडे बघत.

आज हाच प्रश्न एक यंत्र विचारते. ‘लातूर मुलींचे वसतिगृह’ असे फोनवर लिहिले की गुगल क्षणात यादी समोर टाकते. दहावीचा निकाल हातात घेऊन बसलेला नांदेड-हिंगोलीकडचा बाप त्या यादीतल्या पहिल्या चार-पाच नावांपलीकडे सहसा जात नाही. साहजिकच, वर कोण आणि खाली कोण, हा लातूरच्या ट्यूशन एरियातल्या वसतिगृहवाल्यांच्या कर्जाच्या हप्त्याचा प्रश्न होऊन बसतो. माझ्या एका जुन्या खातेदाराच्या सुनेने तिथे चाळीस मुलींचे वसतिगृह काढले आहे. गेल्या वर्षी ती कागदांचा गठ्ठा घेऊन नांदेडला माझ्याकडे आली. एका एजंटाने अठरा हजार रुपयांत तिला दोन हजार ‘बॅकलिंक’ लावून दिल्या होत्या. म्हणजे काय, तर दोन हजार परक्या पानांवर तिच्या संकेतस्थळाकडे नेणारा दुवा. चार महिने झाले तरी नाव होते तिथेच. ‘काका, एवढ्या जणांनी ओळख दिली, तरी ते यंत्र ऐकत का नाही?’

मी तो गठ्ठा कर्जाची फाइल वाचावी तसा वाचला. त्यात कुठल्याशा परदेशी फर्निचरच्या दुकानाचे पान होते, रशियन लिपीतली पाने होती, जुगाराची होती. एका कुत्र्यांच्या खाद्याच्या पानावर ‘लातूरमधील सर्वोत्तम मुलींचे वसतिगृह’ हे शब्द मराठीत टोचलेले होते. टपरीवरच्या सह्या!

मुळात ही दुव्याची कल्पना आली कुठून? ती ग्रंथालयातून आली. कोणता शोधनिबंध महत्त्वाचा हे ओळखायला इतर किती संशोधकांनी त्याचा हवाला दिला ते मोजावे, या विचारातून युजीन गारफील्ड या अमेरिकी गृहस्थांनी 1964 मध्ये विज्ञानातल्या हवाल्यांची सूची छापली. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी तोच न्याय महाजालातल्या पानांना लावला. त्यांच्या शोधयंत्राचे पहिले नाव ‘बॅकरब’ होते, कारण ते पाठीमागून येणारे दुवे तपासत असे. 1998 साली त्यांनी आपली ‘पेजरँक’ ही रीत मांडली. तिचे मर्म एवढेच, की सह्या नुसत्या मोजायच्या नाहीत, सही करणाऱ्याची पत बघायची. आणि त्याची पत पुन्हा त्याला ओळख देणाऱ्यांवरून ठरवायची. शिवाय एका पानाचे वजन त्यावरून निघणाऱ्या दुव्यांत वाटले जाते. पाच जणांना ओळख देणाऱ्याच्या सहीला भार असतो, पाचशे जणांना देणाऱ्याच्या सहीची राख होते. हे गणित वाचताना मला आमचे जुने मॅनेजर आठवले. त्यांनी कुठल्याही समीकरणाविना हेच केले असते.

पण सहीला किंमत आली की सहीचा बाजार भरतो. 2011 च्या फेब्रुवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जे. सी. पेनी या अमेरिकेतल्या नामांकित दुकानसाखळीचे प्रकरण बाहेर काढले. कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत काहीही शोधले तरी तेच दुकान वर येई. त्यामागे शेकडो असंबद्ध पानांवर पैसे देऊन लावलेले दुवे होते. गुगलने त्यांना खाली ढकलले. त्याच महिन्यात ओव्हरस्टॉक ही कंपनीही घसरली, आणि तिची युक्ती लातूरकरांनी नीट ऐकावी अशी आहे. तिने महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना खरेदीत सूट देऊ केली होती, बदल्यात विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दुवा मागितला होता. पैसा रोख द्या की सवलतीत, विकत घेतलेली ओळख ती विकतचीच.

दुसरा प्रकार परतफेडीचा, तू मला दे, मी तुला देतो. पोतेभर मालही हललेला नसताना दोन व्यापारी एकमेकांवर हुंड्या लिहून बँकेतून पैसे उचलत, तशातली ही गत. दोन शेजारी दुकानदारांनी एकमेकांचा पत्ता देण्यात गैर काहीच नाही. पण अशा शंभर जोड्या दिसल्या की यंत्रही सावध होते. तिसरा प्रकार मला सर्वांत भयंकर वाटतो. बंद पडलेल्या जुन्या संकेतस्थळाचे नाव विकत घ्यायचे, त्याला पूर्वी लोकांनी दिलेले दुवे तसेच असतात, त्या पुण्याईवर आपला माल रेटायचा. मेलेल्या खातेदाराची सही! असल्या मृत नावांच्या वापराला गुगलने मार्च 2024 मध्ये नाव घेऊन गैरप्रकारांच्या यादीत घातले.

बंदोबस्त त्याआधीच सुरू झाला होता. 24 एप्रिल 2012 रोजी ‘पेंग्विन’ नावाची चाळणी आली आणि खोट्या दुव्यांवर उभी असलेली कितीतरी संकेतस्थळे खाली आली. 2016 पासून तिची रीत थोडी बदलली. बनावट दुवा दिसला की सरसकट सगळ्या संकेतस्थळाला शिक्षा करण्यापेक्षा बहुधा तो दुवाच शून्य धरायचा. आमच्या सूनबाईचे नेमके तेच झाले असावे. दंड झाला नाही, पण दोन हजार सह्यांची बेरीज शून्य आली आणि अठरा हजार पाण्यात गेले.

सगळेच विकतचे दुवे पाप नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. जाहिरात ही जाहिरात म्हणून दिली तर कोणाची हरकत नाही. त्यासाठी 2005 पासून दुव्याला ‘नोफॉलो’ अशी खूण लावता येते आणि 2019 पासून पैसे घेतलेल्या दुव्यासाठी वेगळी खूणही आहे. हुंडीवर ‘माझ्यावर जबाबदारी नाही’ असा शेरा मारून सही करता येते, हे बँकवाल्यांना ठाऊक आहे. ही खूण म्हणजे तो शेरा. विकिपीडियावरून बाहेर जाणाऱ्या दुव्यांना हाच शेरा असतो. तेव्हा ‘विकिपीडियावरून वजन मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावे.

एजंटाने सूनबाईला आणखी एक गाजर दाखवले होते: सरकारी संकेतस्थळावरचा दुवा, भाव वेगळा. सरकारी म्हणून खास गुण मिळत नाहीत, असे गुगलची माणसे अनेकदा सांगून चुकली आहेत. तरीही लोभ सुटत नाही. 2024 मध्ये गोव्यासह अनेक राज्यांच्या सरकारी संकेतस्थळांवरचे दुवे लोकांना सट्ट्याच्या पानांवर नेत असल्याचे उघडकीला आले होते. कचेरीचा शिक्का चोरून उमटवावा, तसेच हे.

मग खरी ओळख कशी असते? त्यासाठी लातूरबाहेर जायला नको. ‘लातूर पॅटर्न’ हे दोन शब्द महाराष्ट्रभर गेले, ते कोणी दुवे विकत घेऊन नव्हे. राजर्षी शाहू महाविद्यालयाची मुले बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकत गेली, वर्तमानपत्रांनी ते छापले, गावोगावच्या मास्तरांनी आपल्या हुशार पोरांच्या बापांना सांगितले. सांगणाऱ्या मास्तरला त्यात दमडी मिळत नव्हती, म्हणून त्याच्या शब्दाला वजन होते. त्या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे 1994 मध्ये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. एका संस्थेची पत दुसरीला कशी लाभते, याचे आणखी कोणते उदाहरण द्यावे?

नांदेडमध्येही हे दिसते. 2008 च्या गुरुता गद्दी सोहळ्याच्या सुमारास गुरुद्वाऱ्याच्या आसपास लॉज वाढले. आता त्यांची संकेतस्थळे आहेत. पंजाबातल्या एखाद्या यात्रेकरूने आपल्या प्रवासवर्णनात ‘इथे उतरलो, जेवण घरच्यासारखे’ असे लिहून दिलेला एक दुवा, शंभर गावांच्या व्यवसाय सूचीत नाव टाकण्याहून मोलाचा, कारण तो विषयाला धरून आहे. व्यवसाय सूची वाईट नाही. पत्ता, फोन बरोबर असला की पुरे. तिच्याकडून पत वाढण्याची अपेक्षा धरू नये.

आणि दुवे म्हणजे सर्व काही नव्हे. मजकूर चांगला आहे का, विचारणाऱ्याला हवे ते त्यात आहे का, हे यंत्र आधी बघते. नकाशावरच्या यादीत तर अंतर आणि लोकांनी दिलेले अभिप्राय यांचाही हिशेब असतो.

मी सूनबाईला दुवे मागायला सांगितले नाही. मुली येताना काय विचारतात, एवढेच विचारले. मग तिने बसून एक पान लिहिले: सोबत काय आणावे, नांदेडहून कोणती एसटी सोयीची, रात्री अभ्यासिका किती वाजता बंद होते, आजारी पडल्यास कोणता दवाखाना, आणि पाणी. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या गावात पाण्याचा परिच्छेद टाळून चालत नाही. तिने बोअर, टाकी, टँकर सगळे खरे लिहिले. नांदेडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला ते उपयोगी वाटले. दहावी झालेल्या मुलींसाठी शाळेच्या संकेतस्थळावर तिने त्या पानाचा दुवा आपणहून दिला. पुढे बीडकडच्या एका शिक्षकाने दिला. आजवर असे एकूण सात.

या जूनमध्ये नांदेडचे तीन बाप आपापल्या मुलींना घेऊन लातूरला गेले. वसतिगृहाची वास्तू कोणी फारशी बघितली नाही म्हणे. एकाने तडक गच्चीवर चढून टाकीचे झाकण उघडले आणि आत डोकावून पाहिले.