पोचा, टवका आणि न केलेला फोन

दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या एका तरी वस्तूचा बळी जातोच. कधी लोणच्याची बरणी, कधी कपबशांचा सेट. या वेळी मात्र माळ्यावरून मोठं पातेलं काढताना त्याचं झाकण माझ्या हातून निसटलं आणि थेट कोपऱ्यात उभ्या असलेल्या लेकीच्या गिटारवर आदळलं. गिटार आडवी झाली ती टेबलाच्या कडेवर. आधी 'ठण्ण', मग सगळ्या तारांचा मिळून एक विव्हळल्यासारखा आवाज. नंतर चिडीचूप.

बारावीनंतर शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन, दहा महिने पैसे साठवून लेकीने ती घेतली होती. स्वतःच्या कमाईची पहिली वस्तू! काळीभोर, आरशासारखी चकचकीत. परीक्षा होती म्हणून हॉस्टेलला नेली नव्हती. "आई, हिच्याकडे लक्ष ठेव हं," असं बजावून गेली होती. आणि मी हे असं लक्ष ठेवलं.

उचलून पाहिलं. पुढच्या बाजूला, कडेजवळ, हरभऱ्याच्या डाळीएवढा रंग उडून आतलं पांढुरकं लाकूड दिसत होतं. गिटारच्या मानेला मागच्या बाजूने टेबलाची कड लागून खळगा पडला होता. शिवाय दोन-चार ओरखडे. फोन हातात घेतला आणि परत ठेवून दिला. म्हटलं, आठ दिवसांत ती येईलच, तोवर दुरुस्त करून टाकू. कशाला उगाच तिच्या अभ्यासात विघ्न? स्वतःची समजूत घालायला आपल्याला कारणं बरी सुचतात!

एका दुकानात दाखवली. "एवढ्याशा कामाला कोण हात लावणार? नवीनच घ्या," असं उत्तर मिळालं. पण आम्ही सांगलीकर, मिरज हाकेच्या अंतरावर. सतारी आणि तंबोरे करणाऱ्या कारागिरांचं हे गाव. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका वयस्कर कारागीर चाचांपुढे मी गिटार ठेवली. त्यांनी ती उजेडात तिरपी धरून पाहिली, अंगठा फिरवला आणि हसून म्हणाले, "ताई, हे तुम्ही घरी कराल. फक्त ओरखडा, पोचा, टवका आणि तडा यांतला फरक ओळखा. चौघांना एकच औषध चालत नाही."

झालं! त्यांच्याकडून सगळं नीट समजून घेतलं आणि घरी येऊन पदर खोचला.

आधी पोचा. पोच्यात लाकूड तुटलेलं नसतं, नुसतं दबलेलं असतं. त्याचे तंतू दबून बसलेले असतात. त्यांना ओल आणि ऊब मिळाली की सुकलेले हरभरे भिजल्यावर फुगतात तसे ते फुगून वर येतात. मी आधी तारा सैल केल्या. जुना सुती रुमाल भिजवून घट्ट पिळला, त्याची घडी बरोबर पोच्यावर ठेवली आणि गरम इस्त्रीचं नुसतं टोक पाच-सहा सेकंद टेकवलं. चर्र झालं, वाफ निघाली, माझ्या काळजात धस्स झालं! रुमाल उचलून लाकूड निवू दिलं. असं चार वेळा केलं. खळगा हळूहळू उथळ होत गेला. रात्रभर वाळल्यावर पाहिलं तर बारा आणे काम फत्ते.

पण मैत्रिणींनो, ही इस्त्री सगळीकडे फिरवायची नाही. मानेच्या मागे पॉलिश पातळ असतं म्हणून वाफ आत गेली. पुढच्या चकचकीत भागावर बहुधा पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा जाड थर असतो, त्यातून वाफ आत जातच नाही. चपड्याचं म्हणजे लाखेचं पॉलिश असेल तर उष्णतेने आणि ओलीने पांढरे डाग पडतात. शिवाय गिटारचे सांधे चिकटवलेले असतात. तिथे उष्णता लागली की डिंक सैल पडतो. म्हणून फक्त पोच्यापुरतं, आणि तेही सांध्यापासून लांब.

मग टवका. इथे लाकूड फुगवून उपयोग नाही, कारण वरचा थरच उडालेला. तो भरावा लागतो. रंगासाठी लेकीच्याच खणातलं काळं नेलपॉलिश काढलं. (हा दुसरा गुन्हा.) काडेपेटीच्या काडीच्या टोकाने पातळसा हात दिला आणि पूर्ण वाळू दिला. त्यावर फेविक्विकचा एकेक थेंब. एकदम ओतायचं नाही. पातळ थर, तो वाळला की दुसरा, असं करत भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर येईपर्यंत. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. फेविक्विक सांडलं तर सुती कापडाने किंवा कापसाने पुसायला जाऊ नका. कापसाशी त्याची गाठ पडली की ते एकदम तापतं, चटका बसू शकतो. खिडकी उघडी ठेवा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

दुसऱ्या दिवशी तो वर आलेला टिपूस सपाट करायचा. कटरच्या पात्याच्या दोन्ही टोकांना सेलोटेप गुंडाळला, मध्ये थोडीच धार उघडी ठेवली. टेपमुळे पातं किंचित उचललेलं राहतं, त्यामुळे फक्त वर आलेला भाग खरवडला जातो आणि शेजारचं पॉलिश वाचतं. मग हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला पाण्याचा पॉलिश पेपर, आधी १००० नंबरचा, मग १५००, शेवटी २०००. पाणी लावून, हलक्या हाताने, अगदी थेंबाएवढ्या जागेत. शेवटी साधी पांढरी टूथपेस्ट, जेलवाली नको, जुन्या बनियनच्या तुकड्यावर घेऊन गोल गोल घासली. टूथपेस्टमध्ये बारीक खर असते, तीच इथे कामाला येते. वरवरचे ओरखडेही तिनेच मिटले. मात्र मंद, बिनचकाकीचं पॉलिश असेल तर हा उद्योग करू नका, तिथे चकचकीत ठिपका उमटून उलट जास्त दिसेल. आणि नेलपॉलिश काढायचं रिमूव्हर गिटारजवळ आणूच नका, काही पॉलिश त्याने विरघळतात.

राहिला तडा. तो आमच्या नशिबी नव्हता. लाकडाला चीर गेली असेल, तारा अडकवायची पट्टी उचलली असेल किंवा वाद्य जुनं, मोलाचं असेल तर घरगुती उपाय नकोत, सरळ कारागीर गाठावा.

लेक आली. मी मुद्दामच ट्यूबलाइट न लावता दिवा लावून ठेवला होता. तिने गिटार घेतली, समोरून पाहिली, काही बोलली नाही. मला हायसं वाटलं. मग तिने डावा हात मानेवर ठेवला, सूर लावला आणि थांबली. अंगठा मागे-पुढे फिरवला.

"आई, इथे काहीतरी झालंय."

डोळ्यांना फसवता येतं, अंगठ्याला नाही. मी सगळं सांगितलं. झाकण, टेबल, चाचा, इस्त्री, नेलपॉलिश. इस्त्रीचं ऐकून तिने कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता गिटारसाठी रडेल. पण ती म्हणाली, "पडली त्याचं काही नाही गं. फोन का नाही केलास?"

मी गप्प. ही सातवीत असताना काचेचा बाऊल फोडून तुकडे कपाटामागे लपवले होते तिने. तेव्हा मीच दरडावलं होतं, "फुटला त्याचं काही नाही, सांगितलं का नाहीस?" माझंच वाक्य, व्याजासकट परत आलं.

जेवताना तिचा राग निवळला. मग तिनेच सांगितलं, विली नेल्सन नावाचा अमेरिकन गायक १९६९ पासून एकच गिटार वाजवतोय. वाजवून वाजवून तिच्या अंगाला चक्क भोक पडलंय, तरी तो ती बदलत नाही. आणि फेंडर कंपनी तर १९९५ पासून मुद्दाम टवके उडवलेल्या, झिजवलेल्या गिटारी विकते, लोक जास्त पैसे मोजून घेतात! "तू फुकटात करून दिलंस," म्हणाली.

मानेवरचा उरलेला चार आणे पोचा काढायला मी पुन्हा इस्त्री तापवायला निघाले, तर तिने अडवलं. "राहू दे. पण पुढच्या वेळी काही पडलं की आधी फोन, मग इस्त्री."

कबूल केलं. गिटार आता कोपऱ्यात नसते, भिंतीवर टांगलीय. माळ्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला.