संकेतस्थळास जागा घेतांना

आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील तांदूळ, मध, मोहफुलांचे पदार्थ व बांबूच्या वस्तू दलालावांचून थेट नागपूर-पुण्याच्या गिऱ्हाइकांस पाठविण्याचा उद्योग कित्येक शेतकरी व बचत गट करूं लागले आहेत. स्वतःचें संकेतस्थळ काढावयाचें तर होस्टिंग कोणाचें घ्यावें, असा प्रश्न सभासदांकडून वारंवार येतो; सबब त्याचा खुलासा येथें करण्याचें योजिलें आहे. प्रथम हें सांगणें अवश्य आहे कीं, ज्यांचीं गिऱ्हाइकें वीस-पंचवीस व नेहमींचीं आहेत त्यांनीं या खर्चांत पडूं नये. त्यांचें काम व्हॉट्सॲपवर उत्तम भागतें.

संकेतस्थळाचा मजकूर, छायाचित्रें व मागणी नोंदविण्याची व्यवस्था हीं सर्व रात्रंदिवस चालणाऱ्या एखाद्या संगणकावर ठेवावीं लागतात. त्यास सर्व्हर म्हणतात, आणि त्यावरील जागा भाड्यानें देणें हा होस्टिंगचा धंदा होय. याहून निराळी वस्तु म्हणजे डोमेन, अर्थात् गिऱ्हाईक जें नांव लिहून आपल्यापर्यंत पोहोंचतें तें. होस्टिंग हें भाड्याचें गोदाम आहे. तें सोडून दुसरें घेतां येतें. डोमेन मात्र दरसाल शुल्क भरून राखावयाची मिळकत आहे. हीं दोन्ही बहुधा एकाच दुकानीं एकत्र विकलीं जातात, म्हणून लोकांस तीं एकच वाटतात.

आम्हीं महसूल खात्यांत उभी नोकरी फेरफार व सात-बारा पाहण्यांत घालविली. जमीन कसणारा एक आणि उताऱ्यावर नांव दुसऱ्याचें, यांतून होणारे तंटे आम्हांस नवे नाहींत. डोमेनच्या बाबतींत हाच प्रकार राजरोस चालतो. आमच्या पाहण्यांतील एका गटानें आपलें संकेतस्थळ एका होतकरू तरुणाकडून करवून घेतलें. त्यानें डोमेन स्वतःच्या ई-मेलवर नोंदविलें; यांत कपट कांहीं नव्हतें. पुढें तो नोकरीनिमित्त परप्रांतीं गेला, मुदत संपल्याच्या सूचना त्याच्या बंद पडलेल्या ई-मेलवर येत राहिल्या, आणि ऐन नव्या तांदळाच्या हंगामांत तें नांव गटाच्या हातून गेलें. तें नांव छापलेल्या पिशव्या अद्याप पडून आहेत. नांव व हक्क यांची गोष्ट आपल्या भागास तरी सांगावयास नको. नागभीड तालुक्यांतील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनीं लहानशा शेतांत निवडून काढलेला तांदूळ एच.एम.टी. घड्याळाच्या नांवानें दूरवर विकला गेला. २०१८ सालीं ते वारले, तोंपर्यंत त्या व्यापारांतलें फारसें कांहीं त्यांचे पदरीं पडलें नव्हतें.

तेव्हां डोमेन गटाच्या नांवें, गटाच्या ई-मेलवर व चालू मोबाइल क्रमांकावर नोंदवावें, आणि पासवर्ड निदान दोन पदाधिकाऱ्यांजवळ असावा. ‘.इन’ हें शेवटाचें नांव आपल्या देशाचें असून त्याची व्यवस्था निक्सी ही संस्था पाहते. २०१४ पासून ‘.भारत’ हें देवनागरी नांवही मिळतें. तें अवश्य घ्यावें, परंतु त्यावरच विसंबूं नये. कित्येक ठिकाणीं देवनागरी ई-मेल अद्याप स्वीकारला जात नाहीं.

आतां गोदामाविषयीं. जाहिरातींत मोठ्या अक्षरांत छापलेला दर बहुधा तीन-चार वर्षांचें भाडें एकदम भरणाऱ्याकरितां असतो. नूतनीकरणाचा दर त्याच्या दुप्पट-तिप्पट आढळतो, व त्यावर १८ टक्के जी.एस.टी. वेगळा. म्हणून तुलना करतांना पहिल्या मुदतीचा आंकडा सोडून नूतनीकरणाचा विचारावा. ‘अमर्याद जागा’ या शब्दासही भुलूं नये. शर्तींच्या बारीक मजकुरांत फाइलींच्या संख्येची मर्यादा बहुधा असतेच. तीस-चाळीस जिनसांच्या दुकानास शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एका सर्व्हरवर अनेकांची सामाईक वस्ती, पुरेसें होतें. कुलुपाचें चिन्ह दाखविणारें एस.एस.एल. प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था विनामूल्य देते. त्याकरितां वेगळे पैसे मागणाऱ्याचे इतर दरही ताडून पाहावे.

९९.९ टक्के वेळ सर्व्हर चालू राहील अशी हमी देतात, ती तीस दिवसांच्या महिन्यांत सुमारें ४३ मिनिटें बंद राहण्याची मुभा होय. हमी ९९ टक्क्यांची असेल तर हीच मुभा ७ तास १२ मिनिटें होते. हमी मोडल्यास बहुधा भाड्यांतच थोडी सूट मिळते. बुडालेल्या विक्रीची भरपाई कोणी देत नाहीं. गिऱ्हाइकें महाराष्ट्रांतलीं असतील तर सर्व्हर मुंबईसारख्या जवळच्या ठिकाणीं असलेला बरा. तथापि भामरागड-एटापल्लीकडे जेथें नेटवर्कच क्षीण, तेथें संकेतस्थळाचें काम पाहणाऱ्यांनीं छायाचित्रें लहान करून चढविण्याची संवय लावावी. तिचा उपयोग महागड्या सर्व्हरपेक्षां अधिक होतो.

सर्वांत दुर्लक्षिलेली बाब बॅकअपची. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथें ओव्हीएच या बड्या कंपनीच्या सर्व्हर-घरास आग लागून एक इमारत जळाली. लक्षावधि संकेतस्थळें बंद पडलीं, आणि ज्यांनीं आपली नक्कल अन्यत्र ठेवली नव्हती अशा कित्येकांचें सारें दप्तर गेलें. जाळून गेलेल्या चावडीचें दप्तर पुनः तयार करणें काय असतें हें ज्यानें पाहिलें आहे तो हें हलक्यानें घेणार नाहीं. होस्टिंगवाला नक्कल ठेवतो काय हें विचारावेंच. पण महिन्यांतून एकदां पूर्ण नक्कल आपल्या घरच्या संगणकावरही उतरवून घ्यावी. अशी नक्कल उतरवूं न देणाऱ्याचे दारीं जाऊं नये. महिन्याच्या भाड्यानें तयार दुकान देणाऱ्या कंपन्यांकडे हें विशेष पाहावें, कारण तेथून माल हलविणें अवघड जातें.

पैसे भरण्यापूर्वीं रात्रीं नऊनंतर त्यांच्या मदत-क्रमांकावर एखादा प्रश्न विचारून पाहावा, आणि उत्तर माणूस देतो कीं यंत्र, तें ध्यानांत घ्यावें. करार प्रथम एका वर्षाचाच करावा. त्याची व डोमेनची मुदत पौष-माघांत भरेल असा बेत ठेवावा, कारण तेव्हां धानाचे पैसे हातीं असतात. रोवणी नुकतीच आटोपलेल्या श्रावणांत मुदत आली तर शुल्क तटतें. डोमेनची मुदत टळल्यावर कांहीं दिवस सवलतीचे मिळतात, त्यापुढें सुमारें ३० दिवस जबर दंड भरून नांव सोडवितां येतें, आणि नंतर तें कोणीही घेऊं शकतो.