वजनाचं ऑपरेशन आणि लपवलेली पांढरी कावीळ

परवा कोहमाऱ्याच्या चौकात नागपूरच्या बसची वाट पाहताना मोहल्ल्यातल्या एक खाला भेटल्या. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी निघाल्या होत्या. हळूच म्हणाल्या, “टीचर, मला जुनी पांढरी कावीळ आहे. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. पोरीचा निकाह ठरतोय, बोभाटा झाला तर?”

मी म्हटलं, “खाला, हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगायची.”

पांढरी कावीळ म्हणजे हिपॅटायटिस बी. बी किंवा सी असला म्हणजे हे ऑपरेशन होतच नाही, असं नाही. डॉक्टर बघतात ते यकृत किती खराब झालंय ते. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन यांतून ते कळतं. पोटात पाणी झालं असेल, रक्ताची उलटी झाली असेल, तर ऑपरेशन जिवावर बेतू शकतं. यकृत शाबूत असेल तर वजन उतरल्याचा त्यालाही फायदाच. कारण विषाणू आणि चरबी मिळून यकृत लवकर खराब करतात.

सी बहुतेकांचा साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बी मात्र गोळ्यांनी दबून राहतो. त्या अनेकांना वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढतात. बायपासमध्ये अन्नाची वाटच बदलते. मग औषध अंगी नीट लागतंय का, हे रक्त तपासून पाहावं लागतं. “आता बारीक झाले” म्हणून गोळी मनानं बंद केली, तर दबलेला विषाणू उसळतो आणि यकृत निकामीही होऊ शकतं. रमजानच्या रोज्यांबद्दलही डॉक्टरांना आधीच विचारा.

आणि बदनामी कसली? एका ताटात जेवल्यानं, गळाभेटीनं हा आजार पसरत नाही. तो पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, बीची लस घ्या. बाळाला पहिला डोस जन्मापासून 24 तासांच्या आत द्या. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

खालांनी डॉक्टरांना सांगितलं. ऑपरेशन पुढे ढकललंय, तपासण्या सुरू आहेत. काल फोनवर म्हणाल्या, “टीचर, वजन उतरायचं तेव्हा उतरेल. मनावरचं ओझं तर उतरलं.”