मगरीबच्या आधीची वीस मिनिटे

संध्याकाळची वेळ. भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर एकच लगबग. लोकलमधून उतरलेली माणसे, रिक्षांची रांग, खजूर-कलिंगडाच्या गाड्या आणि दुचाकी काढून घराकडे निघालेले रोजेदार. मगरीबच्या अजानला वीस मिनिटे उरलेली. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, मावळतीचा उजेड डोळ्यांवर आणि मनात एकच घाई.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अपघात अहवाल दिवसाचे तीन-तीन तासांचे आठ भाग पाडतो. त्यात सायंकाळी ६ ते ९ हा भाग सर्वात धोक्याचा ठरत आला आहे. साधारण पाचातला एक अपघात याच वेळेत होतो. त्याचा रमजानशी संबंध नाही. घरी परतणाऱ्यांची गर्दी, अंगात मुरलेला थकवा आणि अंधूक प्रकाश हे तिन्ही तेव्हा एकत्र येतात. मात्र रमजान कोणत्याही ऋतूत येवो, मुंबई परिसरात इफ्तारची वेळ याच भागात पडते.

याच अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. तरावीहची नमाज आटोपून नयानगरच्या बाजाराकडे एका स्कूटरवर तिघे निघतात, तेव्हा हा दुसरा आकडा आठवायला हवा. ‘इथल्या इथे तर जायचंय’ हे वाक्य रस्त्याला कळत नाही.

इफ्तारला उशीर करू नये, ही सुन्नत खरी. पण ती पाळण्यासाठी घर गाठावेच लागते असे नाही. डिकीत चार खजूर आणि पाण्याची बाटली असली, तर रस्त्याच्या कडेला गाडी लावूनही रोजा सोडता येतो. भजी घरी वाट पाहतील.

दुसरा धोका घरातला. सहरीसाठी पहाटे अंधारात उठलेले आजोबा न्हाणीघरात घसरतात. वरवर काहीच दिसत नाही. दुपारी डोके दुखू लागले की घरचे म्हणतात, ‘रोजा आहे, चहा नाही मिळाला, म्हणून दुखतंय.’ सुस्ती आली तर ‘झोप अपुरी झाली.’ घात इथेच होतो. मेंदूभोवतीचा रक्तस्राव कधी कधी सावकाश वाढतो. माणूस काही तास, वृद्ध तर कधी काही दिवसही ठीक दिसतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर धोका आणखी वाढतो. मार लागल्यावर वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, फिट, हातापायातला जोर जाणे किंवा नाका-कानातून पाणी येणे यांपैकी काहीही दिसले, तर इफ्तारची वाट पाहू नये. थेट रुग्णालय गाठावे. आजाऱ्याला रोजा सोडून नंतर भरून काढण्याची सवलत खुद्द कुराणातच आहे.

उपचारात पहिला तास मोलाचा. मोटार वाहन कायद्यात या ‘गोल्डन अवर’ची व्याख्याच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षणही दिले आहे. त्यामुळे रस्त्यात कुणी पडलेला दिसला, तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नये. १०८ ला फोन करावा, शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, मान हलवू नये.

मगरीबची अजान ऐकून कुणाच्या घरी दस्तरखान पसरतो, कुणाच्या देवघरात त्याच सुमारास दिवा लागतो. दोन्ही घरांत कुणाची तरी वाट पाहिली जात असते. तो माणूस दहा मिनिटे उशिरा आला तरी चालेल.