उताराचे दुखणे आणि ठोक्यांचे यंत्र

रविवारी उजाडण्यापूर्वीच सिंहगड रस्ता जागा होतो. धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी मागे टाकत वाहने खडकवासल्याच्या धरणाजवळ येतात आणि डोणज्यावरून गडाच्या पायथ्याकडे, आतकरवाडीकडे वळतात. एकोणिसाव्या शतकात मुठा नदीवर उभ्या राहिलेल्या या जलाशयाच्या पलीकडच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील छात्र घाम गाळत असतात. अलीकडच्या वाटेवर असतात ते पुण्याचे नागरिक. त्यांत सहा दिवस मार्केट यार्डातल्या पेढीवर किंवा लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात बसून काढणारे व्यापारीही असतात आणि त्यांची शिकणारी मुले-मुलीही.

समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीचा गड चढून गेल्याचे समाधान रविवारभर पुरते. सोमवारी सकाळी मांड्या जड वाटतात. मंगळवारी दुकानाचा ओटा उतरतानाही भिंतीचा आधार घ्यावा लागतो. अशा वेळी घरातले कोणीतरी कपाटातून एक यंत्र काढते. पिस्तुलासारखी मूठ, पुढे रबरी गोळा, बटण दाबताच धडधड सुरू. दोन-तीन हजारांपासून कित्येक हजार रुपयांपर्यंत किंमत असलेले हे मालिशयंत्र आज व्यायामशाळांतून थेट दिवाणखान्यांत आले आहे. ते नेमके काय करते, काय करत नाही आणि कोणाच्या अंगाला लावू नये, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही.

अंग आंबते म्हणजे काय?

श्रमाने दुखणाऱ्या शरीराविषयी मराठीत ‘अंग आंबले’ असे म्हणतात. योगायोग असा की, शास्त्रानेही दीर्घकाळ या दुखण्याचा दोष एका आम्लालाच दिला. स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते, म्हणून ते दुखतात, हा समज आजही सर्वत्र ऐकू येतो. तो टिकणारा नाही. श्रमाच्या वेळी वाढलेले हे द्रव्य व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातून निवळते. स्नायूंचे दुखणे मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिगेला पोहोचते. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच अशा उशिरा येणाऱ्या दुखण्याचा संबंध स्नायूंच्या आतील सूक्ष्म इजेशी जोडला होता.

सिंहगडाची वाट या गोष्टीचा उत्तम दाखला देते. दम लागतो चढताना, घाम निथळतो चढताना, पण मांड्या धरतात त्या उतरण्यामुळे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू लांबत असतो आणि लांबत असतानाच प्रत्येक पावलाला शरीराचा भार रोखून धरतो. या उलट्या ताणाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. तिथे सूज येते आणि मग शरीर दुरुस्तीच्या कामाला लागते. आपल्याला जाणवणारी वेदना ही या दुरुस्तीची खूण आहे. बहुतेक वेळा आठवड्याच्या आत ती आपोआप ओसरते.

मर्दनाची जुनी वाट

व्यायामानंतर अंग रगडून घेणे ही नवी कल्पना नव्हे. श्वेतांबर परंपरेत पर्युषणात ज्याचे वाचन होते, त्या कल्पसूत्रात त्रिशलामातेच्या स्वप्नांनंतरच्या सकाळचे वर्णन आहे. राजा सिद्धार्थ व्यायामशाळेत जातो, कुस्ती आणि इतर कसरती करून थकतो. मग शतपाक आणि सहस्रपाक तेलांनी निष्णात सेवक त्याचे मर्दन करतात. ते मर्दन अस्थी, मांस, त्वचा आणि रोम या चारही ठिकाणी सुख देणारे होते, असे सूत्रकार सांगतात. साधूंच्या आचारात मात्र दशवैकालिक सूत्राने संवाहन वर्ज्य ठरवले आहे. म्हणजे ही गोष्ट गृहस्थाची. शरीराकडून काम घ्यायचे म्हणून त्याला दिलेली ही सवलत आहे.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील दिनचर्येतही हाच क्रम दिसतो. व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्यानेच करावा आणि नंतर सर्वांगाचे मर्दन शरीराला सुखकर वाटेल अशा बेताने करावे, असा त्याचा आशय आहे. कोल्हापूरच्या तालमींत हीच परंपरा मातीत रुजली. जोर, बैठका आणि लढत झाल्यावर मल्ल एकमेकांचे अंग रगडतात. तिथे रगडणाऱ्याच्या हाताला समोरच्या स्नायूचा कठीणपणा कळतो आणि समोरच्याचा चेहरा आक्रसला की हात हलका होतो. यंत्राला नेमकी हीच जाणीव नसते.

ठोके देणाऱ्या यंत्राचा इतिहासही वाटतो त्याहून जुना आहे. लंडनचे डॉक्टर जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल यांनी १८८० च्या सुमारास विजेच्या घटावर चालणारे असे एक उपकरण तयार केले होते. आजच्या रूपाची सुरुवात लॉस एंजेलिसमधील कायरोप्रॅक्टर जेसन वर्सलँड यांच्यापासून झाली. २००७ मध्ये मोटारसायकलच्या अपघातानंतर दुखण्याने त्रस्त होऊन त्यांनी विजेवर चालणाऱ्या एका हत्यारात फेरफार केला आणि ते स्वतःच्या अंगावर वापरले. त्यातून पुढे ‘थेरागन’ बाजारात आले.

रचना साधी असते. आत बॅटरीवर फिरणारी मोटर, तिची गोल गती पुढे-मागे सरकणाऱ्या दांड्यात बदलणारी जोडणी आणि टोकाला बदलता येणारा गोळा. खरेदी करताना मिनिटाला किती ठोके पडतात एवढेच विचारले जाते. खरे पाहता ठोका किती मिलिमीटर आत जातो आणि थोडा दाब दिल्यावर मोटर अडते का, हे आधी पाहावे. दमदार यंत्रांचा ठोका १२ ते १६ मिलिमीटरचा असतो. स्वस्त यंत्रांपैकी अनेक केवळ थरथरतात. भारी ठोक्याचे यंत्र सर्वांनाच योग्य असते असेही नाही. कृश किंवा वयस्कर शरीराला हलका ठोकाच बरा.

प्रयोगांचा कौल

ऑस्ट्रियातील संशोधकांनी २०२० मध्ये १६ निरोगी पुरुषांच्या पोटरीवर पाच मिनिटे असे यंत्र चालवून पाहिले. घोट्याची हालचाल सरासरी पाच अंशांहून थोडी अधिक वाढली. स्नायूची ताकद मात्र वाढली नाही आणि घटलीही नाही. हाताच्या मालिशविषयी त्याच वर्षी ब्रिटनमध्ये २९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यातील सहभागींची संख्या हजारावर होती. मालिशमुळे धावणे, उडी, ताकद किंवा दमसास यांत सुधारणा दिसली नाही. लवचिकता आणि दुखणे यांत मात्र थोडा पण निश्चित फायदा दिसला. २०१८ मधील एका फ्रेंच आढाव्यात तर, थंड पाण्यातील स्नान, घट्ट कपडे इत्यादी उपायांच्या तुलनेत दुखणे आणि थकवा कमी करण्यात मालिश सर्वांत पुढे राहिली.

यातून निघणारा अर्थ सरळ आहे. मालिश, मग ती हाताची असो वा यंत्राची, वेदना सौम्य करते आणि आखडलेले अंग मोकळे करते. फाटलेला तंतू ती शिवत नाही. कोपर आपटले की हात आपोआप ते चोळू लागतो, कारण स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाची वाट अडवतात. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेला हा सिद्धांत यंत्राच्या ठोक्यालाही लागू पडतो. दुरुस्ती करते ती झोप, पाणी, आहार आणि दोन दिवसांची सौम्य हालचाल.

म्हणूनच वापराचे प्रमाण ठरलेले असावे. एका स्नायूवर एक ते दोन मिनिटे, सर्वांत कमी वेगावर, यंत्राच्या स्वतःच्या वजनाहून फारसा दाब न देता ते फिरवावे. ‘सुखद दाब’ ही मर्यादा मानावी. दुखते तिथेच जोराने ठोकल्याने दुखणे निघून जाते, ही समजूत चुकीची आहे.

जिथे हे यंत्र नेऊ नये

हा भाग प्रत्येक घराने नीट वाचावा. २०२१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात चीनमधील पंचवीस वर्षांच्या तरुणीची हकिकत प्रसिद्ध झाली. सायकलच्या व्यायामानंतर प्रशिक्षकाने तिच्या मांड्यांवर असे यंत्र चालवले. पुढे तीव्र वेदना आणि चहाच्या रंगाची लघवी सुरू झाली. स्नायूंचे तंतू विरघळून त्यातील द्रव्ये रक्तात उतरली होती. या विकारात मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. मानेवर वारंवार यंत्र वापरल्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा आतला थर फाटल्याचीही नोंद आहे. अशा घटना विरळ आहेत, पण त्या सांगतात ते दुर्लक्षिण्यासारखे नाही.

पेढीवर तासन्‌तास बसणाऱ्या व्यक्तीसाठी त्याहून जवळचा धोका पायाच्या खोल शिरेतील गाठीचा आहे. दीर्घकाळ बैठक किंवा लांबचा प्रवास झाल्यावर पोटरी दुखू लागली की घरचे सहज म्हणतात, ‘जरा मशीन लावून घ्या.’ इथे क्षणभर थांबावे. व्यायामाचे दुखणे बहुधा दोन्ही पायांत असते आणि त्याला श्रमाचे कारण असते. एकच पाय सुजला, गरम किंवा लाल झाला, फारसे श्रम न करता दुखू लागला, तर यंत्र बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गाठ सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतू शकते.

रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेले, हाडे ठिसूळ झालेले, फुगलेल्या शिरांचा त्रास असलेले, हृदयाचा पेसमेकर बसवलेले आणि गर्भवती स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज हे यंत्र वापरू नये. मानेची पुढची बाजू व कडा, पाठीचा कणा, गुडघ्यामागची खाच, जांघ, ताजी मुरगळ आणि सुजलेला सांधा या जागा सर्वांनीच वर्ज्य मानाव्यात.

यात्रेची तयारी

उताराच्या दुखण्यावर एक उपाय आहे आणि तो विकत घ्यावा लागत नाही. एकदा सौम्य प्रमाणात उतार सोसलेला स्नायू पुढच्या वेळी बराच कमी दुखतो आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत छात्राला तीन वर्षे, सहा सत्रे घडवले जाते, ते याच क्रमिक वाढीच्या तत्त्वावर. पहिल्याच दिवशी कोणाकडून अखेरची कसोटी मागितली जात नाही.

पालिताण्याच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या किंवा सम्मेदशिखराची २७ किलोमीटरची वंदना ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे तत्त्व आधीपासून आचरणात आणावे. यात्रेपूर्वी सहा-आठ आठवडे इमारतीचे जिने उतरण्यापासून सुरुवात करावी. मग धरणाच्या परिसरात चालावे आणि त्यानंतर गडाची निम्मी वाट करावी. पूर्ण गड शेवटी. उतरताना पावले लहान ठेवावीत, काठी घ्यावी, घाई करू नये.

चौविहार पाळणाऱ्यांनी व्यायाम सकाळीच करावा, म्हणजे नंतर पुरेसे पाणी आणि मूग, चणे, दूध, पनीर असा प्रथिनयुक्त आहार दिवसाउजेडी घेता येतो. उपवासाच्या दिवशी, विशेषतः पाणीही वर्ज्य असताना, गड चढण्याचा हट्ट धरू नये. कोरड्या शरीरात थकलेल्या स्नायूंचा भार मूत्रपिंडांवर पडतो. त्यावर वेदनाशामक गोळीची भर घातली तर तो आणखी वाढतो.

एवढे सांभाळूनही मांड्या दुखल्या, तर यंत्र जरूर हाती घ्यावे, दोन मिनिटे फिरवावे आणि ठेवून द्यावे. घरात आजोबा किंवा आजी असतील, तर त्यांच्या पायांना यंत्राऐवजी कोमट तेलाचा हात बरा. तेल लावताना पायाची सूज दिसते, गरमपणा कळतो, न सांगितलेले दुखणेही समजते. यंत्राची किंमत पावतीवर लिहिलेली असते. वेळीच ओळखलेल्या त्या सुजेचे मोल मात्र कोणत्याच वहीत मांडता येत नाही.