ओला, पण उबदार

इंग्रजांनी आपल्याकडून नेलेल्या शब्दांची यादी वर्गात सांगू लागले, की ‘बंगला’, ‘लूट’, ‘शाम्पू’ एवढे शब्द मुले आधीच पुढे करतात. ‘डिंगी’ मात्र कोणाच्या खिजगणतीतही नसते. हिंदी-बंगालीत डिंगी म्हणजे लहानशी होडी. हा शब्द विलायतेला गेला, तिथे स्थायिक झाला, आणि आज इंग्लंडात डिंगी म्हटली की एका-दोघांनी हाकायची शिडाची छोटी होडी डोळ्यांपुढे येते. आपल्या मराठी माणसांची मुले तिकडे वाढू लागली, तशी ती क्रिकेट-टेनिसबरोबर या होड्यांकडेही वळली. त्यामुळे या होडीचा पोशाख हा विषय दिवाळी अंकात आला, तर वाचकांनी फार बिचकू नये.

हा खेळ एकेकाळी धनिकांचा होता. तो सामान्य घरांत आला त्याला एक मजेदार कारण घडले. ‘डेली मिरर’ या लंडनच्या वर्तमानपत्राने १९६३ साली ‘मिरर’ नावाची होडी लोकांपुढे आणली. प्लायवूडचे कापलेले तुकडे घरी न्यायचे, तांब्याच्या तारेने ते एकमेकांना चक्क शिवायचे आणि सांधे डिंक-पट्टीने पक्के करायचे! जॅक होल्ट हा होडीचा रचनाकार आणि बॅरी बकनेल हा दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकाम शिकवणारा गृहस्थ, या दोघांची ही करामत. लाल शिडांच्या हजारो मिरर होड्या लोकांनी आपल्या गॅरेजांत तयार केल्या. मुलांसाठीची ‘ऑप्टिमिस्ट’ याहून जुनी, १९४७ सालची, अमेरिकेतल्या क्लार्क मिल्सची. तिची लांबी जेमतेम पावणेआठ फूट.

मोठ्या गलबतात आणि डिंगीत फरक हा, की डिंगीत माणूस भिजतोच. तिच्या तळाशी जड वजन नसते. वाऱ्याने होडी कलली, की पाय आतल्या पट्ट्यात अडकवून धड काठाबाहेर मागे झुकवायचे आणि आपल्याच अंगाच्या वजनाने तोल धरायचा. तोल चुकला की होडी आडवी. उलटलेली होडी सरळ कशी करायची, हा शिक्षणातला अगदी पहिल्या धड्यांपैकी एक धडा असतो, आणि तो मुद्दाम होडी उलटवूनच शिकवतात.

माझी भाची चौदा वर्षांची. ताईचे बिऱ्हाड इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्टस्मथच्या बाजूला आहे. ‘टॉपर’ नावाच्या अकरा फुटी होडीवर ही मुलगी एकटी जाते. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तिकडे होते, तेव्हा तिचा जुना वेटसूट आखूड पडू लागला होता. नवा घ्यायला आम्ही तिघी निघालो. तोपर्यंत हा काळा, रबरी, अंगाला चिकटणारा पोशाख मला सिनेमातल्या पाणबुड्यांचाच वाटत असे.

बाहेर छान ऊन पडले होते. हवेत वीस अंश. “अशा उन्हात एवढे जाड कशाला?” असे मी म्हटले, तर भाची हसून म्हणाली, “मावशी, कपडे हवेसाठी नाही घालायचे, पाण्यासाठी घालायचे.” तिथली गोष्ट अशी आहे, की समुद्र हवेच्या मागून फार सावकाश तापतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो सर्वांत थंड असतो, आणि मे महिन्यात, माणसे अर्ध्या बाह्यांनी हिंडत असतानाही, पाणी अकरा-बारा अंशांवरच असते. ऑगस्टात ते सतरा-अठरापर्यंत चढते, तेवढेच. मुंबईचा समुद्र ऐन हिवाळ्यातही याहून कितीतरी उबदार असतो. आपल्या कोळीवाड्यातल्या पोरांना हा पोशाख ठाऊक नाही, याचे कारण तेच.

पंधरा अंशांखालच्या पाण्यात माणूस एकाएकी पडला, तर थंडीने गारठून जायच्या कितीतरी आधीच दुसरे संकट येते. छातीत धस्स होऊन आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, मग धापांवर धापा लागतात, हृदयाची धडधड वाढते. तो पहिला श्वास पाण्याखाली असताना घेतला गेला, तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. हा धक्का मिनिट-दोन मिनिटांत ओसरतो. म्हणून तिथली जीवरक्षक नौकांची संस्था, १८२४ साली स्थापन झालेली, लोकांना सांगते की आधी पोहू नका, उताणे पडून नुसते तरंगा, श्वास ताब्यात आला की मग पुढचे बघा. धक्का सरला तरी पुढे हातपाय बधिर होऊ लागतात, दोर पकडता येत नाही, होडीवर चढता येत नाही. अंगात नीट बसलेला वेटसूट असला, तर पहिला धक्का पुष्कळ सौम्य होतो आणि हातापायांत बळ अधिक वेळ टिकते. भाचीच्या कपड्याची खरेदी ताई एवढ्या गंभीरपणे का करीत होती, ते मला तेव्हा कळले.

हा सूट पाणी आत येऊ देत नाही, असा सर्वांचा समज असतो. तो चुकीचा आहे. नावातच ‘वेट’ आहे! पाणी आत शिरते, पण ते कातडी आणि सूट यांच्यामध्ये पातळ थरासारखे अडकून राहते आणि शरीराच्या उबेने कोमट होते. खरी ऊब राखतात ते नीओप्रीन या कृत्रिम रबरात कोंडलेले वायूचे असंख्य बारीक बुडबुडे. गोधडीत जे काम कापसात अडकलेली हवा करते, तेच इथे हे बुडबुडे करतात. ‘ऊब हवी तर कोरडेच राहिले पाहिजे असे नाही’ हा विचार १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या ह्यू ब्रॅडनर या पदार्थवैज्ञानिकाने मांडला. दुसऱ्या महायुद्धात हा मनुष्य अणुबाँबच्या कामावर होता. नंतर आरमारी पाणबुड्यांच्या पोशाखाकडे वळला. पुढल्याच वर्षी जॅक ओनीलने सॅन फ्रान्सिस्कोत लाटांवर खेळणाऱ्यांसाठी दुकान काढले, आणि आधी कोण यावरून पुढे पुष्कळ वाद झाले. ब्रॅडनरचे १९५१ मधले पत्र उपलब्ध आहे, म्हणून मी माझे मत त्याच्या पारड्यात टाकते. त्याने या शोधावर पैसा मात्र केला नाही.

दुकानात ताईने एक माप मोठे मागितले. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची रीत आहे. गणवेश दोन वर्षे पुरला पाहिजे, फ्रॉकला आत दुमड हवी. पौंडाचे रुपये मनातल्या मनात करणाऱ्या आईला तर हे फारच पटते. दुकानातली बाई नम्रपणे, पण ठाम ‘नाही’ म्हणाली. सूट सैल असला, की प्रत्येक हालचालीबरोबर आतले कोमट पाणी बाहेर आणि बाहेरचे बर्फासारखे पाणी आत, अशी सारखी येजा सुरू होते. मग कापड कितीही जाड आणि महाग असो, त्याचा उपयोग शून्य. ताई दोन मिनिटे गप्प राहिली आणि मग बरोबर मापाचा सूट तिने स्वतःच पुढे ओढला.

माप पाहण्याच्या जागा ब्लाउज बेतणाऱ्या शिंप्याच्याच: मान, काखा, पाठीची खोलगट जागा, आणि शिवाय जांघ व गुडघ्यामागची लवण. यांपैकी कुठे चिमटीत धरण्याएवढा फुगा राहिला तर तो सूट परत ठेवायचा. दुकानात कोरड्या अंगाने तो घट्टच वाटतो, वाटलाच पाहिजे. पाण्यात तो थोडा सैलावतो. पण घट्ट म्हणजे श्वास कोंडणारा नव्हे. भाचीने उकिडवे बसून पाहिले, दोन्ही हात वर ताणले, आणि खुर्चीच्या कडेवर बसून मागे झुकली. खांदा ओढला जातो का, गळा दाबतो का, एवढे पाहून मगच ती ‘हो’ म्हणाली.

जाडीचा हिशेब सोपा आहे. सूटवर ३/२ असे लिहिलेले असते, म्हणजे धडावर तीन मिलिमीटर आणि हातापायांवर दोन. हा उन्हाळ्याचा. वसंतात-शरदात पाच-चारचा लागतो. पण जाडी वाढली की अंग आखडते, आणि शिडाचे दोर ओढणाऱ्याचे खांदे तर सतत हलते हवेत. यावर होडीवाल्यांची तोड म्हणजे बिनबाह्यांचा, पायघोळ सूट आणि आत पूर्ण बाह्यांचा पातळ उबदार सदरा. लाटांवर खेळणाऱ्यांचा सूट मऊ आणि लवचीक असतो खरा, पण होडीचा पृष्ठभाग घसरू नये म्हणून खरबरीत केलेला असतो. त्यावर सरकून सरकून मऊ सुटाची बैठक एका मोसमात चाळण होते. म्हणून बैठकीला आणि गुडघ्यांना जाड, टणक ठिगळे लावलेला सूटच घ्यावा.

शिवण जरूर उलटून पाहावी. सपाट शिवण अंगाला टोचत नाही, परंतु सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपते, उन्हाळ्यात चालते. थंडीसाठी कडा आधी चिकटवून मग सुई आरपार न नेता घातलेली शिवण असते. ती महाग, पण दोन शिवणींतला हा फरक जाडीतल्या एका मिलिमीटरहून मोलाचा आहे, असे मला त्या दुकानात तासभर काढल्यावर वाटले.

एक गोष्ट बरीच माणसे विसरतात, ती म्हणजे वारा. ओला कपडा वाऱ्यात वाळू लागला की अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने. म्हणून सुटावर एक पातळ, वारा अडवणारे जाकीट घालतात, आणि त्याच्यावर तरंगते जाकीट. हे शेवटचे नसेल तर मुलीला पाण्यावर सोडूच नये. पायांत रबरी बूट हवेत. हिवाळ्यात काही जण कोरडा सूट घालतात; त्याच्या गळ्याला आणि मनगटांना घट्ट रबरी पट्ट्या असतात आणि पाणी आत येत नाही. पण तो स्वतः फारशी ऊब देत नाही, आत लोकरीसारखे कपडे घालावे लागतात, आणि किंमत विचारून आम्ही तिघी सरळ पुढच्या मांडणीकडे वळलो.

सूट चढवणे ही कसरत आहे. पायावर प्लास्टिकची पिशवी चढवली की पाय सरसर आत जातो. नखांनी मात्र ओढायचे नाही, बोटांच्या पेरांनी सरकवायचे. नखाच्या चंद्रकोरी उमटल्या की तिथेच पुढे चीर जाते. घरी आल्यावर गोड्या पाण्यात खंगाळावा, उलटा करून सावलीत, रुंद दांडीवर मधोमध दुमडून टाकावा. तारेच्या हँगरवर लटकवला तर खांदे ताणतात; उन्हात किंवा कढत पाण्यात रबर निबर होते. मुलांचे अंग वर्षभरात वाढते, म्हणून तिकडच्या क्लबांत जुन्या सुटांची देवघेव चालते. जुना घेताना कापड चिमटीत दाबून सोडावे. ते चटकन फुगून वर आले तर आतले बुडबुडे शाबूत आहेत. दबलेलेच राहिले, किंवा वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या, तर फुकटही घेऊ नये. भाचीचा जुना सूट या परीक्षेत उतरला, आणि ताईने तो शेजारच्या दहा वर्षांच्या मुलीला दिला. देण्याआधी तिला तो घालायला लावून पाठीत फुगा राहतो का, हे ताईने स्वतः चिमटीत धरून पाहिले.